नम्रता कोणती व लाचारी कोणती?

(वाचावयाचे शास्त्रभाग: योहान १३:१–१७, फिलिप्पै २:१–११, लूक १४:७–११.)

जुन्नरहून पश्चिमेस घाटघर गांवाच्या पुढें गेलें म्हणजे नाणेघाटाचें तोंड लागतें. कोंकणांतून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांची ही सुमारें दोन हजार वर्षांची जुनी वाट. वर दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असत, असें लोक सांगतात. खालच्या अंगास खडकांत कोरलेलें एक लेणें असून त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींतला लांबलचक लेख आहे. सातवाहन घराण्यांतील नागनिका राणीचा तो लेख होय, असें विद्वान् मानितात. अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञांचीं नांवें, आणि त्या त्या वेळीं दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांचे आंकडे त्यांत मोठ्या व्यवस्थेनें नोंदलेले आहेत. त्याच लेण्यांत राजघराण्यांतील माणसांच्या मूर्ति कोरल्या होत्या व प्रत्येकाच्या माथ्यावर त्याचें नांव घातलें होतें. आज त्या मूर्ति राहिल्या नाहींत. वर नांवें वाचतां येतात, खालीं कोठें कोठें पावलांच्या खुणा दिसतात, आणि मधला सारा देह नाहींसा झाला आहे.

कांहीं तरुण उपदेशकांबरोबर आम्ही तेथें गेलों असतां त्यांतील एक जण हें पाहून हंसला. आम्हीं त्यास हंसूं दिलें नाहीं. आमच्याच एका प्रार्थनामंदिरांत छतास टांगलेल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगी देणाराचें नांव रंगविलेलें आहे, आणि पंखा फिरूं लागला म्हणजे नांव वाचतां येत नाहीं म्हणून तो शक्य तों बंद ठेवितात, हें आम्हीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. बरें, ही हांव राजेराण्यांनाच असते असें नाहीं. जुन्नरच्या आसपासच्या लेण्यांत इरिल नांवाच्या एका यवनानें पाण्याचीं दोन टाकीं दिल्याचा लेख आहे. चिट नांवाच्या दुसऱ्यानें भोजनमंडप दिला. दोघांचेहि लेख अगदीं आंखूड, परंतु नांव त्यांनींहि कोरविलेंच.

मानाची ही भूक माणसाचें काय करते, तें प्रभूनें लूकच्या १४ व्या अध्यायांत पंगतीच्या दाखल्यानें दाखविलें आहे. तो दाखला आमच्या लोकांस फोड करून सांगावा लागत नाहीं. लग्नाच्या मांडवांत कोण लोडाशीं बसला आणि कोणाला उठवून मागें बसविलें, हें दहा वर्षें कोणी विसरत नाहीं. म्हणून त्यावर येथें अधिक लिहीत नाहीं. आजचा विषय त्याहून अवघड आहे.

तो असा. शहरांत नम्रतेचा पाठ शिकविणें सोपें. गांवमंडळींत तो शिकवूं लागलें कीं एक निराळाच प्रश्न पुढें उभा राहतो. आमच्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांना लीन होण्याचा उपदेश करण्याची कोणास कधींच गरज पडली नाहीं. जोहार घालणें, चावडीच्या पायरीखालीं उभें राहणें, पाणवठ्यापासून दूर ओंजळ पसरून दुसऱ्याच्या दयेची वाट पाहणें, हें त्यांच्या वांट्यास जन्माबरोबरच आलें होतें. घोड नदीच्या कांठच्या एका गांवीं आम्हीं फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर उपदेश केला, तेव्हां सभा संपल्यावर एका वृद्ध बंधूनें आम्हांस बाजूस घेऊन विचारलें, “मास्तर, आमच्या बापानं जलमभर वाकून काढलं. आता देवानंबी वाकायलाच सांगितलं का?”

त्या दिवशीं आम्हीं दिलेलें उत्तर चुकीचें होतें. येथें जो वांकतो त्यास स्वर्गांत मान मिळतो, अशा अर्थाचें कांहींसें आम्ही बोललों. वृद्ध बंधूनें मान हालविली, पण ती पटल्याची नव्हे. वडील माणूस लहान पोराचें बोलणें ऐकून घेतें तशी ती होती. घरीं आल्यावर आम्हीं योहानाचा १३ वा अध्याय पुन्हां उघडला. पाय धुण्याचा वृत्तांत आम्हीं शेंकडों वेळां वाचला होता, परंतु तिसऱ्या वचनावरून आमची दृष्टि नेहमीं घसरून चौथ्यावर जात असे. त्या दिवशीं ती तिसऱ्यावर थांबली.

गंगाळ व रुमाल यांची गोष्ट सांगण्यापूर्वीं शुभवर्तमानकार एक गोष्ट मुद्दाम सांगतो, ती ही कीं, येशूला कांहीं तरी ठाऊक होतें. सर्व कांहीं पित्यानें आपल्या हातीं सोंपविलें आहे हें त्यास ठाऊक होतें. आपण कोठून आलों तें ठाऊक होतें. आणि आपण कोणाकडे जाणार तेंहि ठाऊक होतें. हें सांगून झाल्यावर मग तो भोजनावरून उठतो, अंगावरचें वस्त्र काढून ठेवितो व कमरेला रुमाल बांधितो. त्या देशांत धुळीच्या वाटा, पायांत उघड्या वाहाणा, आणि पाहुण्यांचे पाय धुण्याचें काम घरच्या दासाचें. तें काम प्रभूनें केलें, पण दास म्हणून कोणीं त्याच्यावर लादलें म्हणून नव्हे. आपण कोण आहों याची पुरी ओळख असलेला, सर्व सत्ता हातीं असलेला, तो उठला. लाचार मनुष्य वांकतो, कारण त्यास दुसरी वाट नसते. प्रभूला दुसरी वाट होती. ती त्यानें बाजूस ठेविली.

म्हणून त्या वृद्ध बंधूचें उत्तर असें द्यावयास पाहिजे होतें: नाहीं, बाबा, तुमच्या वडिलांस जें करावें लागलें ती नम्रता नव्हे, तो त्यांच्यावर झालेला अन्याय होता. देवानें त्यांना वांकविलें नाहीं, माणसांनीं वांकविलें. देव प्रथम उभें करतो, आपलें लेकरूं म्हणतो, आणि मग त्या उभ्या राहिलेल्या माणसास विचारतो कीं, आतां तूं आपल्या खुषीनें कोणाचे पाय धुशील? हें उत्तर देण्यास आम्ही पुन्हां त्या गांवीं गेलों, पण मधल्या काळांत ते प्रभूकडे गेले होते.

येथें उपदेशकांनीं एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. ज्या फिलिप्पै गांवच्या मंडळीस पौलानें ख्रिस्ताच्या लीनतेविषयीं तें थोर वचन लिहिलें, त्याच गांवीं त्यानें पूर्वीं काय केलें होतें? प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १६ पाहा. फटके मारून तुरुंगांत घातल्यावर दुसऱ्या दिवशीं अधिकाऱ्यांनीं त्यास गुपचूप निघून जाण्यास सांगितलें, तेव्हां तो गेला नाहीं. आम्ही रोमी नागरिक आहों, आम्हांस चौकशीवांचून उघडपणें मारलें, तर त्यांनीं स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावें, असा निरोप त्यानें पाठविला; आणि ते आले. प्रभूलाहि प्रमुख याजकापुढें चापट मारण्यांत आली तेव्हां त्यानें मारणाराला कारण विचारलें (योहान १८:२३). १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ज्यांनीं आपल्या ओंजळींत घेतलें, त्यांस कोणी गर्विष्ठ म्हणूं लागला तर त्यास हे दोन शास्त्रभाग दाखवावे. हक्काचें मागणें हा गर्व नव्हे. दुसऱ्याला पायाखालीं ठेवण्यासाठीं त्याला नम्रतेचा उपदेश करणें, हा मात्र गर्वच आहे, आणि तो पवित्र शास्त्र हातांत घेऊन केला म्हणून कांहीं कमी होत नाहीं.

आतां दुसरी बाजू. ज्याला प्रभूनें उभें केलें, तो उभा राहिल्यावर काय करतो? हा प्रश्न विशेषेंकरून आम्हां उपदेशकांचा आहे. गरीब घरांत जन्मलेला मुलगा मिशनच्या शाळेंत चार इयत्ता शिकला, त्याच्या हातीं पुस्तक आलें, पायांत बूट आले, लोक त्याला मास्तर म्हणूं लागले, कीं तो आपल्याच आईच्या बोलण्याला हंसूं लागतो. ही गोष्ट आम्ही दुसऱ्यावर ढकलून सांगत नाहीं, स्वतःचीच सांगतों.

आंबेगांव तालुक्याच्या पश्चिमेस, डिंभें धरणाच्या वरच्या अंगाच्या डोंगरांत एका वाडीला आमची नेमणूक होती. प्रार्थनेस आठदहा माणसें जमत, त्यांत एक वृद्ध बाई असे. तिला अक्षर येत नव्हतें. तिची प्रार्थना ऐकली तर शेजारी बसलेल्या माणसाशीं बोलत आहे असें वाटे. देवाला ती ‘बा’ म्हणे. “बा, जागा हायेस ना? सुनेला ताप आलाय. मी रातभर बसले, आता तू बस.” अशी तिची प्रार्थना. एका रविवारीं बाहेरगांवचे पाहुणे आले होते, आणि त्यांच्यापुढें आम्हांस तिची लाज वाटली. प्रार्थना संपतांच आम्ही सर्वांसमक्ष म्हणालों, “आजी, देवाला असें म्हणूं नये. हे परमदयाळु स्वर्गीय पित्या, असें म्हणावें.” तिनें “बरं, मास्तर” म्हटलें. त्यानंतर तिनें सभेंत तोंड उघडलें नाहीं. येत असे, डोळे मिटीत असे, सर्वांच्या मागें बसून गप्प उठून जात असे. शिमग्यानंतर हें घडलें. जेठ सरला, पावसाळा लागला, तरी ती बोलेना. त्या मंडळींतील सर्वांत जिवंत प्रार्थना आम्हीं आपल्या हातानें बंद पाडली होती, आणि पुष्कळ दिवस आम्हांस त्याचें वाईटहि वाटलें नाहीं. सभा आतां व्यवस्थित चालतात, असेंच आम्ही मनांत म्हणत होतों.

तिची सून अंथरुणावरच होती व आषाढांत भातलावणी निघाली. म्हातारी एकटीच खाचरांत उतरलेली पाहून आमच्या मनानें आम्हांस टोंचणी लाविली. आम्ही बांधावर जाऊन उभे राहिलों व क्षमा मागण्यासाठीं शब्द जुळवूं लागलों. ती मान वर न करतां म्हणाली, “मास्तर, बांधावरनं काय बोलताय? उतरा खाली.” बूट काढून आम्ही चिखलांत उतरलों. तिनें रोपांची जुडी हातांत दिली. ज्यांनीं लावणी केली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: ओळीनें वांकून रोपें रोंवावीं लागतात, आणि एकेक पाऊल मागें सरावें लागतें, नाहीं तर आपणच लावलेलीं रोपें आपल्याच पायांखालीं जातात. आमची ओळ वांकडी गेली. तिनें ती उपटून पुन्हां लावली, आणि सबंध दुपारभर आम्हांस हंसली. क्षमेचे शब्द जुळवून ठेवले होते ते बोलावयाचे राहिलेच. कमर इतकी दुखत होती कीं जें बोललों तें अगदीं साधें होतें. पुढच्या रविवारीं ती प्रार्थना करील अशी आमची अपेक्षा होती. तिनें केली नाहीं. श्रावण गेला, दसरादिवाळी गेली. नाताळच्या रात्रीं, कोणीं न सांगतां, मागच्या बाजूनें तिचा आवाज आला, “बा,” आणि पुढें ती बराच वेळ बोलली.

हाच पाठ आमच्या पुणें जिल्ह्यांत एका फार मोठ्या विदुषीनें घालून दिला आहे. केडगांव येथील पंडिता रमाबाई हें नांव आमच्या वाचकांस नवें नाहीं. १८५८ सालीं त्यांचा जन्म झाला. आईनें त्यांस संस्कृत शिकविलें. पुराणांतील हजारों श्लोक त्यांना मुखोद्गत होते. आईबाप गेल्यावर भावाबरोबर त्या पायीं देशभर हिंडल्या, आणि १८७८ सालीं कलकत्त्यास पंडितांनीं त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. १८८२ सालीं पुण्यास आल्यावर त्यांनीं ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें. त्याची भाषा संस्कृत शब्दांनीं इतकी भरलेली आहे कीं आमच्या वाडीवरच्या एकाहि बाईला त्यांतलें पान समजणार नाहीं. १८८३ सालीं इंग्लंडांत वांटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत शारदासदन काढलें. दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास आलें. पुढें १८९६–९७ चा दुष्काळ पडला, तेव्हां मध्यप्रांतांतून शेंकडों उपाशी मुली आणून त्यांनीं केडगांवीं ठेविल्या.

त्या मुली बहुतेक अक्षरशून्य. त्यांस पंडितांची भाषा शिकवावी, किंवा पंडितेनें आपली भाषा सोडून त्यांच्याजवळ यावें, अशा दोनच वाटा होत्या. रमाबाईंनीं दुसरी धरली. चाळिशी उलटल्यावर त्यांनीं इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला, व सबंध पवित्र शास्त्र मूळ भाषांतून साध्या मराठींत आणण्याचें काम हातीं घेतलें, अशासाठीं कीं खेड्यांतल्या बाईला तें कोणाच्या मध्यस्थीवांचून समजावें. ज्या शब्दसंपत्तीमुळें कलकत्त्यास मान मिळाला होता तीच येथें एक एक शब्द करून बाजूस ठेवावी लागली. छपाईहि मुक्ति मिशनच्या छापखान्यांत तेथील स्त्रियांनींच केली. १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी काम चालूच राहिलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.

आमचें प्रांजळ मत विचाराल तर त्या भाषांतराची मराठी सर्वत्र गोड नाहीं. मूळ शब्दास चिकटून राहण्याच्या आग्रहामुळें वाक्य पुष्कळदां अडखळतें, आणि आमच्या बहुतेक मंडळ्यांत आज बायबल सोसायटीचेंच भाषांतर वाचलें जातें. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांचे एवढे श्रम, आणि त्यांचा उपयोग इतका थोडा, असें कोणास वाटेल. परंतु ज्या मुलींसाठीं तें केलें त्यांच्या हातांत तें पडलें, आणि त्यांनींच त्याचे खिळे जुळविले. शिवाय ही बाई कोणापुढें दबून वागणारी मुळींच नव्हती. वांटेज येथील ज्या भगिनींनीं तिला आश्रय दिला, त्यांच्याशीं तिनें धर्ममताच्या बाबतींत पत्रांतून बरोबरीनें वाद केला. तीं पत्रें छापलेलीं आहेत, आणि तीं वाचून कोणी तिला लाचार म्हणणार नाहीं. श्रेष्ठ म्हणविणारांपुढें ताठ, आणि दुष्काळांतल्या पोरींपुढें वांकलेली, अशी ती होती. आपल्यांत पुष्कळदां याच्या उलट आढळतें.

लक्ष्मीबाई टिळकांविषयीं दोनच शब्द. आपली सोंवळ्याओंवळ्याची धडपड, आपले हट्ट, आपल्या फजित्या ह्या सर्व ‘स्मृतिचित्रें’ ह्या पुस्तकांत त्यांनीं हंसत हंसत मांडल्या आहेत. मी पामर, मी धुळीचा कण, असें त्या कोठें म्हणत बसत नाहींत. तसें म्हणणारा मनुष्य पुष्कळदां समोरच्यानें ‘छे, छे’ म्हणावें याची वाट पाहत असतो. रेव्हरंड टिळकांनीं आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें तेव्हां, शाळेचें तोंड न पाहिलेल्या ह्या बाईंनीं, मला हें कसें झेपेल असें म्हणून अंग काढून घेतलें नाहीं. त्यांनीं तें पुढें लिहिलें. अंगीं असलेलें देणें लपविणें ही नम्रता नव्हे, हें आमच्या मंडळींतील ज्या भगिनी वाचन करण्यास सांगितलें कीं पदर तोंडावर ओढितात, त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

पुन्हां वरच्या माडीकडे येऊं. त्या रात्रीं पाय धुवून देण्यास एकानें नकार दिला, तो पेत्र. वरवर पाहतां तें बोलणें केवढें विनयाचें! परंतु प्रभूनें तें मान्य केलें नाहीं. ज्याला फक्त देतां येतें व घेतां येत नाहीं, तोहि उंचावरच बसलेला असतो. आम्ही वाडीवर जातों, उपदेश करतों, औषध वांटतों. पण तेथली भाकर खाण्याचा, तेथल्या माणसाकडून कांहीं शिकण्याचा प्रसंग आला म्हणजे आम्हांस घाई असते. पेत्र हें पुढें शिकला, असें त्याच्या पहिल्या पत्रावरून दिसतें. पांचव्या अध्यायाच्या पांचव्या वचनांत नम्रता अंगावर घेण्याविषयीं तो जें क्रियापद योजतो, त्याचा मूळ अर्थ गांठ मारून कमरेस बांधणें असा आहे, जसा दास कामाचें वस्त्र बांधितो. त्या रात्रींचा रुमाल म्हातारपणींहि त्याच्या डोळ्यांपुढें असावा, असें आम्हांस वाटतें.

फिलिप्पैच्या मंडळींत युवदीया व सुंतुखे ह्या दोन बायांचें भांडण होतें (४:२). दोघींनींहि सुवार्तेसाठीं श्रम केले होते, दोघींचीहि कांहीं बाजू असेल. ख्रिस्तानें स्वतःस रिक्त केलें हें थोर वचन पौलानें ज्या पत्रांत लिहिलें, त्याच पत्रांत ह्या दोघींना नांव घेऊन विनविलें आहे. तेव्हां उपदेशकानें तो अध्याय नुसता नाताळांत व उत्तम शुक्रवारीं वाचून ठेवूं नये. वर्गणीचा हिशोब कोणाजवळ असावा, सभेच्या सतरंज्या कोणाच्या घरीं राहाव्या, मिरवणुकींत पुढें कोणीं चालावें, असले तंटे ज्या दिवशीं मंडळींत निघतील त्या दिवशीं तो उघडावा, आणि प्रथम स्वतःस वाचून दाखवावा.

येत्या आठवड्याच्या घरसभेसाठीं एक सूचना करतों. योहान १३:१–१७ हा भाग एकदां सावकाश वाचावा. नंतर ज्यांस वाचतां येत नाहीं अशा वडील बाईला किंवा बाबांना तो आपल्या बोलींत सांगण्याची विनंती करावी. उपदेशकानें त्या वेळीं उठून मागें, दाराजवळ, चपलांच्या बाजूस बसावें. आणि सांगतांना कांहीं चुकलें, मागचें पुढें झालें, पेत्राच्या ठिकाणीं योहानाचें नांव आलें, तरी मध्यें बोलूं नये.